रेशीम शेती करायची? आधी पाला, मग शेड, शेवटी अळ्या! पहिल्या बॅचआधी वाचावा असा पूर्ण हिशेब

बीड : "महिन्याला पगारासारखा पैसा" म्हणून रेशीम शेतीचं नाव आता गावोगावी घेतलं जातं. पांढऱ्याशुभ्र कोषांचे फोटो आणि लाखाच्या पट्ट्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. फसलेल्या बॅचचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. एक-दोन एकर जमीन, विहिरीला बेताचं पाणी आणि घरात दोन-तीन काम करणारे हात असलेल्या कुटुंबाला हा धंदा खरोखर उभं करू शकतो. पण घाईत सुरुवात केली तर शेडचं कर्ज मागे राहतं. म्हणून लागवडीपासून विक्रीपर्यंतची सगळी माहिती एका ठिकाणी.

हा धंदा नेमका काय आहे?

तुतीचा पाला खाऊन रेशीम कीटकाच्या अळ्या मोठ्या होतात आणि स्वतःभोवती धाग्याचा कोष विणतात. शेतकरी हे कोष किलोवर विकतो. धागा काढणं हे पुढच्या कारखान्याचं काम आहे. एका चांगल्या कोषातून साधारण १ हजार मीटर अखंड धागा निघतो, आणि ६.५ ते ७ किलो चांगल्या पांढऱ्या कोषांपासून १ किलो कच्चं रेशीम तयार होतं.

कर्नाटक, आंध्र प्रदेश, तामिळनाडू, पश्चिम बंगाल आणि जम्मू-काश्मीर हे रेशमाचे पारंपरिक प्रदेश. महाराष्ट्र अपारंपरिक राज्यांमध्ये मोडतो. तरी मराठवाड्यात बीड, जालना आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत तुती चांगली रुजली आहे. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशीम घेतात. तो प्रकार वेगळा. या लेखात फक्त तुती रेशीम घेतलं आहे.

कोणी करावं, कोणी थांबावं?

रेशीम शेती हे पीक कमी आणि जनावरं पाळण्यासारखं काम जास्त आहे. अळ्या शेडमध्ये असताना लग्न, जत्रा, तालुक्याची फेरी सगळं मागे पडतं. ऊसतोडीला जाणं थांबवून घरीच रोजगार शोधणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट सोयीची आहे, कारण काम बांधावरच मिळतं. पण मजुरांच्या भरवशावर लांबून शेती करणाऱ्यांना हा धंदा झेपत नाही.

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात :

- उन्हाळा सोडून वर्षभर तुतीला पुरेल इतकं पाणी आहे का?
- पाण्याचा निचरा होणारी जमीन आहे का? पाणी साचणाऱ्या चोपण रानात तुती नीट येत नाही.
- शेजारच्या बांधाला कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाला आहे का, आणि तिथं फवारणी किती होते?
- घरातले किमान दोन जण बॅचचे सगळे दिवस गावात राहू शकतात का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथूनच होतं. त्याबद्दल पुढे आहे.

तुतीची लागवड

महाराष्ट्रात व्ही-१ ही जात सर्वाधिक चालते. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेनं ती दिलेली आहे. लागवड पट्टा पद्धतीनं करतात. ५ × ३ × २ फुटांवर केली तर एकरी ५ हजार ४४५ झाडं बसतात. बेणं थेट रानात लावण्यापेक्षा रोपं लावली तर तूट कमी पडते. लागवड पावसाळ्यात होते, पण रोपवाटिकेला साधारण तीन महिने लागतात, म्हणून तयारी उन्हाळ्यापासूनच करावी लागते.

एकदा लावलेली बाग नीट सांभाळली तर १२ ते १५ वर्षं पाला देते. त्यासाठी वर्षाला एकरी ८ टनांच्या आसपास शेणखत, प्रत्येक कापणीनंतर खताचा हप्ता आणि ठिबक हवं. शेणखत टाळून नुसत्या युरियावर पाला वाढवला तर तो दिसायला हिरवागार असतो, पण अळीला पोसत नाही. त्याचा परिणाम कोषाच्या वजनावर होतो.

पहिल्या वर्षी एक-दोन बॅच निघतात. दुसऱ्या वर्षापासून एका एकरावर चार ते पाच बॅच घेता येतात. पहिल्या वर्षी पाचचा हिशेब धरणाऱ्याची निराशा ठरलेली.

शेड

राहत्या घरात अळ्या पाळू नयेत. तुतीच्या जवळ, साधारण ५० फूट लांब आणि २० ते २२ फूट रुंद स्वतंत्र शेड लागतं. आत ५ फूट रुंदीचे चार-पाच मजली रॅक करतात. तीन गोष्टींत काटकसर करू नये : चारही बाजूंना नायलॉनची जाळी, दारात दुहेरी पडदा किंवा छोटी खोली, आणि पत्र्यावर उष्णता कमी करणारं आच्छादन.

मोठ्या अळ्यांना २३ ते २५ अंश तापमान आणि ७० ते ७५ टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. ओले बारदान, फॉगर, शेडनेट लावून काही जण उन्हाळी बॅच काढतात. नवख्या शेतकऱ्यानं मात्र पहिल्या वर्षी उन्हाळ्यात शेड रिकामं ठेवलेलं बरं.

एका बॅचचं कॅलेंडर

अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांना चॉकी म्हणतात. या बारीक अळ्यांना २७-२८ अंश तापमान आणि जास्त ओलावा लागतो. म्हणून बहुतेक शेतकरी चॉकी सेंटरवरून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणतात. मोजमाप अंडीपुंजात होतं. १०० अंडीपुंज म्हणजे साधारण ४० ते ५० हजार अळ्या.

- आधीचे दिवस : शेड धुऊन ब्लीचिंग पावडर आणि चुन्याच्या द्रावणानं निर्जंतुक करणं.
- तिसरी आणि चौथी अवस्था, साधारण १० दिवस : दिवसातून दोन-तीनदा फांद्यांसह पाला. अळ्या डोकं वर करून स्थिर झाल्या की कात टाकायला बसल्या असं समजून पाला बंद करावा आणि चुना भुरभुरावा. जवळपास सगळ्या उठल्यावरच पुन्हा खाणं द्यावं.
- पाचवी अवस्था, ७ ते ८ दिवस : एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला या आठवड्यात संपतो. कापणी, वाहतूक, खाद्य, सफाई सगळं एकदम अंगावर येतं. घरच्या दोन माणसांवर भागत नाही, मजूर आधीच सांगून ठेवावा लागतो.
- कोषावर येणं : अळी खाणं सोडते, अंग पिवळसर-पारदर्शक दिसतं. मग तिला चंद्रिकेवर सोडतात. एका चौरस फुटात ४० ते ५० अळ्या पुरे. गर्दी झाली की दोन अळ्यांचा एक कोष होतो आणि त्याला भाव मिळत नाही.
- काढणी : चंद्रिकेवर सोडल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी. आतला कोषकीटक तपकिरी आणि टणक झालेला असावा.

अळ्या शेडमध्ये आल्यापासून कोष बाहेर जाईपर्यंत २५ दिवसांच्या आसपास जातात.

पाल्याचा साधा नियम असा : १०० अंडीपुंजांना १ हजार ते १२०० किलो पाला. चॉकी बुक करण्याआधी बागेत चार ठिकाणची झाडं कापून, पाला तोलून अंदाज काढावा. "पाहू, कमी पडला तर शेजारून आणू" या भरवशावर आणलेल्या अळ्या शेवटच्या आठवड्यात उपाशी राहतात. उपाशी अळी मरत नाही, पण पातळ कोष करते. शेतकऱ्याला ते थेट पट्टीवरच कळतं.

बॅच कुठे फसते?

फवारणी : शेजारच्या रानातलं कीटकनाशक वाऱ्यानं तुतीवर आलं की काही तासांत अळ्या तडफडतात, तोंडातून हिरवा रस टाकतात आणि मरतात. पाला धुऊन उपयोग होत नाही, कारण काही औषधं पानात भिनतात. उपाय आधीच करावे लागतात : तुतीचा पट्टा कापसापासून लांब ठेवणं, बांधाला उंच आडपीक घेणं, शेजाऱ्याला बॅचच्या तारखा सांगून ठेवणं. शंका आली तर आधी थोड्याच अळ्यांना तो पाला घालून एक दिवस वाट पाहावी, मगच सगळ्यांना द्यावा.

उझी माशी : ही माशी अळीच्या अंगावर अंडं घालते. तिथं काळा डाग पडतो, आणि अळी किंवा कोष वाया जातो. यावर पहिला उपाय म्हणजे फट नसलेली जाळी.

रोग : ग्रासरी, फ्लॅचरी, मस्कार्डिन ही नावं लक्षात ठेवावीत. अंग सुजून दुधासारखा द्रव गळणं, अळी मऊ पडून काळी होणं, मेलेली अळी खडूसारखी पांढरी होणं, ही त्यांची सर्वसाधारण लक्षणं. रोगट अळी हातानं उचलून बाजूला टाकू नये. चिमट्यानं उचलून चुना-ब्लीचिंगच्या डब्यात टाकावी आणि लांब पुरावी. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यातून पुढच्या पिढीत येतो, म्हणून अंडीपुंज तपासणी झालेल्या, मान्यताप्राप्त ठिकाणचेच घ्यावेत.

विक्री

बेंगळुरूजवळचं रामनगर हे कोषांचं आशियातलं सर्वात मोठं मार्केट मानलं जातं. पूर्वी मराठवाड्यातला माल तिकडेच जायचा. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली, नंतर बीड आणि बारामतीलाही सोय झाली. त्यामुळे लांबची खेप आणि मुक्कामाचा खर्च वाचतो.

कोष ठेवून भाव वाढायची वाट पाहता येत नाही. दहा-बारा दिवसांत आतून पतंग बाहेर पडतो आणि कोष फुटतो. काढणीनंतर डागी, पातळ, जोडकोष वेगळे करावेत. माल जाळीदार पोत्यात सैल भरावा आणि शक्यतो रात्री न्यावा. ठासून भरलेल्या पोत्यात कोष तापतात आणि प्रत घसरते.

पैशांचा हिशेब

गेल्या काही वर्षांत कोषाचा भाव किलोला ३०० रुपयांच्या आसपासपासून ७०० च्या वरपर्यंत फिरलेला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कोसळला होता. म्हणून एकाच भावावर हिशेब मांडू नये. समजा २०० अंडीपुंजांची बॅच आहे आणि चॉकी, औषधं, बाहेरची मजुरी, वाहतूक मिळून २२ हजार रुपये खर्च आला :

- १३० किलो कोष, भाव ५०० : येणे ६५ हजार, शिल्लक ४३ हजार
- १३० किलो कोष, भाव ३०० : येणे ३९ हजार, शिल्लक १७ हजार
- निम्मी बॅच गेली, ६५ किलो, भाव ५०० : येणे ३२ हजार ५००, शिल्लक १० हजार ५००
- निम्मी बॅच गेली आणि भावही ३०० : येणे १९ हजार ५००, म्हणजे अडीच हजार तोटा

यात घरच्यांची मजुरी धरलेली नाही. दोन माणसं, २० दिवस, ३०० रुपये रोज धरला तरी १२ हजार होतात. ती वजा केली तर दुसऱ्या ओळीत हातात ५ हजारच उरतात. शेडचा हप्ता यातूनच फेडायचा असेल तर वर्षातली एक बॅच फसणार असं धरूनच कर्ज घ्यावं.

आणखी एक गोष्ट. शेडमधलं बरंचसं काम घरातल्या बायका करतात, पट्टी मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जाते. पैसा घरात कसा वाटायचा आणि पुढच्या बॅचसाठी किती बाजूला ठेवायचा, हे पहिल्या पट्टीआधीच ठरलेलं बरं.

अनुदान आणि कागदपत्रं

राज्यात रेशीम संचालनालय नागपूरला आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रेशीम कार्यालय असतं. हिवाळ्यात होणाऱ्या महारेशीम अभियानात पुढच्या हंगामाची नोंदणी करून घेतात. तुती लागवड आणि शेडसाठी रोजगार हमीतून, तसंच केंद्रीय रेशीम मंडळाच्या योजनेतून मदत दिली गेली आहे. निकष आणि रकमा बदलतात, म्हणून गावातल्या मध्यस्थाला न विचारता थेट कार्यालयातून चालू वर्षाची माहिती घ्यावी. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि जॉब कार्ड ही कागदं तयार ठेवावीत.

अनुदान टप्प्याटप्प्यानं आणि काम झाल्यावर येतं. आधी खिशातला पैसा जातो. अनुदानासाठी लावलेली तुती दुसऱ्या वर्षी मोडलेली अनेक गावांत दिसते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अर्ध्या एकरावर जमेल का? शिकण्यासाठी जमेल. पण त्यासाठी लगेच मोठं शेड बांधू नये.

प्रशिक्षण गरजेचं आहे का? हो. त्याहून उपयोगी म्हणजे चालू शेडवर पाचव्या अवस्थेचा एक आठवडा प्रत्यक्ष राबणं. धंदा झेपेल की नाही, हे तिथं पैसे न घालता कळतं.

उरलेल्या काड्या आणि विष्ठेचं काय? जनावरांना उरलेला चांगला पाला चालतो. विष्ठा आणि काड्यांचं उत्तम कंपोस्ट होतं. मात्र रोग आलेल्या बॅचचा कचरा न कुजवता तुतीच्या रानात टाकू नये.

सुरुवात किती अंडीपुंजांनी करावी? पाला २०० पुंजांचा असला तरी पहिली बॅच ५० ते १०० चीच घ्यावी. चुका होतातच, त्या लहान बॅचवर झालेल्या परवडतात.