सोनाराची पोढी

साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात खोदलेली टाकी आहेत. त्या काळी त्यांना पोढी म्हणत. एका पोढीवर ब्राह्मी अक्षरांत लहानसा लेख आहे: कल्याणच्या सामिदत्त सोनाराचे हे दान. दीड हजार वर्षांहूनही जुनी ही गोष्ट. सोन्याचा धंदा करणाऱ्याला पुण्य जोडावेसे वाटले, तेव्हा त्याने पाणी दिले!

वास्तविक ठाणे-कल्याणचा मुलूख पावसाचा. वर्षाकाठी 100 इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण चार महिन्यांत कोसळून तो कातळावरून खाडीला मिळतो. खाडी दाराशीच, परंतु खारी. साऱ्या पृथ्वीची कथा अशीच आहे. तिच्या पाण्याच्या 100 घागरी मांडल्या, तर 97 हून अधिक खाऱ्या निघतील. उरलेल्या अडीच घागरींतलेही बहुतेक पाणी बर्फ होऊन बसलेले. जमिनीचेही तेच. डोंगराचा कातळ आणि खाडीचा खार यांमधली चिंचोळी पट्टी तेवढी पिकाची.

म्हणून इथल्या पूर्वजांनी जमीन आणि पाणी दोन्ही हातांनी घडविली. खाडीकाठी मातीचे बांध घालून त्यांनी भरती अडविली, पावसाने मीठ धुऊन घेतले आणि खारात भात पिकविला. बांध फुटला की शेत पुन्हा खारट. तेव्हा बांधाची काळजी साऱ्या गावाची असे. 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदाच केला. शिलाहारांची राजधानी असलेले ठाणे तर तळ्यांचे गाव. इथे एकेकाळी साठेक तळी होती असे सांगतात. मासुंद्याच्या काठी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 साली कौपिनेश्वराचे देऊळ बांधले. देवालाही शेजार तळ्याचाच हवा होता.

16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी ठाण्याला आली, पुढल्या वर्षी कल्याणला पोहोचली. गाडीने माणसे आणली, आणि मुंबईची तहानही याच मुलखाकडे वळली. 1860 मध्ये साष्टीतला विहार, 1892 मध्ये शहापूर तालुक्यातला तानसा. मागून वैतरणा, भातसा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये उल्हासनगर वसले. 1972 साली कारखान्यांसाठी बारवी धरण झाले; पुढे उंची वाढली तेव्हा आणखी वस्त्या उठल्या. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचे पाणी पिते, आणि त्या नदीत 1922 पासून भिवपुरीच्या वीजघरातून मावळातले, मूळचे भीमेकडे जाणारे पाणीही मिसळते. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत 12 लाखांहून अधिक, तर ठाण्यात 18 लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. एवढ्यांची तहान दुसऱ्याच्या शिवारातून भागते.

आणि ते शिवार? ज्या शहापुरातून मुंबईचे नळ भरतात, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इकडे शहरांत तळी बुजली, खारावर इमारती उठल्या. जे मुळातच थोडे, ते घडविणाऱ्यांची आठवणही आपण बुजवीत चाललो आहोत.

सोनाराने आपल्या दानावर आपले नाव आणि गाव कोरले, म्हणून ते पाणी कोणाचे हे आजही कळते. आपल्या नळावर गाव लिहिलेले नसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलांच्या डोक्यावर अभ्यंगाचा तांब्या ओतताना ते गाव त्यांना एकदा नावानिशी सांगावे. सणाच्या फराळाइतकेच तेही त्यांच्या वाट्याचे आहे.