भिवंडीहून मुंबई : सरहद्दीच्या मुलखातील एक दिवस

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि नाशिक रस्त्याकडेची गोदामे डोळ्यांपुढे येतात. हे गाव एके काळी सरहद्दीवरचे होते, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. सतराव्या शतकाच्या मध्यास कल्याण-भिवंडीचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. पश्चिमेला वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे. मधे काय, तर खाडी! शिक्षकबंधूंनो, शाळेची सहल काढायची झाली तर आपण लांबचे किल्ले शोधतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, त्यातली गत. हाच मुलूख एका दिवसात कसा पाहता येईल, ते सांगतो.

सकाळी लोनाड गाठावे. भिवंडी तालुक्यातलेच हे गाव. येथे टेकडीत कोरलेले बौद्ध लेणे आहे. त्यातील राजपुरुष आणि त्याचा परिवार यांचा शिल्पपट मुलांना सावकाश पाहू द्यावा. शिलाहार राजांच्या वेळचे शिवमंदिर येथे आहे आणि त्यांचे बाराव्या-तेराव्या शतकांतील शिलालेखही या गावात मिळाले. शिलाहारांच्या दानलेखांच्या दगडांवर पुष्कळदा वर सूर्यचंद्र कोरलेले असतात. जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. दान मोडणाऱ्यास शाप देणारे गाढवाचे चित्र असले, की त्या दगडाला लोक गद्धेगाळ म्हणतात. राजा गेला, राज्य गेले, पण कायद्याचा तो कागद, म्हणजे तो दगड, अजून शेतात उभा सापडतो.

तेथून कल्याणचा दुर्गाडी. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. डोंगरातले राज्य प्रथमच उत्तर कोकणच्या खाडीवर आले. पण खाडी हाती आली म्हणून समुद्र हाती येत नाही, बरं का! समुद्रावर पोर्तुगिजांचा अंमल. त्यांच्या परवान्यावाचून व्यापारी गलबतांना फिरणे कठीण. तेव्हा महाराजांनी येथे जहाजे बांधायला घेतली. आणि कारागीर कोण लावले? १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा या कामावर होते. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ही मंडळी काम सोडून निघून गेली. ती गेली, पण आरमार थांबले नाही. सरहद्द म्हणजे नुसती भांडणाची जागा नव्हे. एकाची विद्या दुसऱ्याच्या हाती जाण्याचीही ती जागा असते. पुढे ऐंशी वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली.

कल्याणहून आगगाडीने भायखळा. ही रेल्वे १८५४ साली कल्याणपर्यंत आली. भायखळ्याला १८७२ साली लोकांस खुले झालेले संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरचा. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलेफंटा म्हटले. इंग्रजांनी तो विलायतेला नेण्यासाठी उचलू पाहिला, तो तुटला, आणि म्हणून येथेच राहिला. दोन परक्या सत्तांची गोष्ट एका हत्तीच्या अंगावर वाचायला मिळते.

शेवटी १९२२ साली लोकांसाठी उघडलेले, आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असलेले वस्तुसंग्रहालय. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय चित्रे या संग्रहालयाकडे आहेत. ती पाहायला मिळाली, तर आपल्या लघुचित्रांशेजारी ठेवून विचार करावा. लघुचित्रात रंग सपाट, सगळे सारखे उजळ. तैलचित्रात प्रकाश एका बाजूने येतो, दुसरी बाजू अंधारात जाते, आणि सपाट कापडावर माणूस गोल, भरीव दिसू लागतो. मुले म्हणतील, हे आमचे नव्हे. तेव्हा त्यांना घरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आठवायला सांगा. राजा रविवर्म्याने तैलरंगाची ही रीत आत्मसात केली, १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि ती देवांच्या रूपाने खेड्यापाड्यांत पोचली. गलबताचे झाले तेच चित्राचेही झाले.

सहल काढण्यापूर्वी संग्रहालयांचे सुटीचे वार तेवढे विचारून घ्यावेत, आणि क्रम मात्र उलटा करू नये. आधी गाव, मग संग्रहालय. संग्रहालयातल्या वस्तूला छप्पर आहे, पहारा आहे, खाली नावाची पाटी आहे. गावातल्या दगडाला यांतले काहीच नाही. उद्या तेथे गोदामाचा पाया खणला जाईल, आणि ज्या लेखात गावाचे आठशे वर्षांपूर्वीचे नाव आहे, तो दगड भरावात जाईल. मग कोणते संग्रहालय तो परत देणार?

म्हणून परतल्यावर मुलांना एक काम द्या. गावातील वीरगळ, कोरीव दगड, जुन्या विहिरी यांची यादी करायची. कोठे आहे, काय कोरले आहे, लोक त्याला काय म्हणतात, एवढेच लिहायचे. दगड हलवायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही. अक्षरे दिसली तर छायाचित्र काढून पुरातत्त्व खात्याला कळवायचे. शाळेच्या कपाटात अशी एक वही असली, तर दगड हलवण्यापूर्वी कोणीतरी विचारील.