दिनचर्या व मानसिक आरोग्य

दिनचर्या व मानसिक आरोग्य : निद्रा, आहार, व्यायाम, काम, विश्रांती आणि इतरांशी येणारा संबंध यांचा रोजचा क्रम नीट ठेवला असता मनाचे स्वास्थ्य टिकते, ही कल्पना भारतीय, ग्रीक व अरबी या तिन्ही वैद्यकपरंपरांत आढळते. नियमांची यादी दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. बदलत गेली ती त्यांमागील जबाबदारीची कल्पना. सवय हा दुखणाइताला द्यावयाचा आधार, की ती न पाळल्याबद्दल त्याच्या पदरी घालावयाचा दोष, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळांत निरनिराळी दिली गेली व त्यांचे परिणाम रुग्णांना भोगावे लागले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या विषयाचे विवेचन अनेक ठिकाणी आले आहे. पाचव्या अध्यायात आहाराची मात्रा आणि अंजन, नस्य, अभ्यंग इ. नित्यकर्मे सांगितली असून आठव्यात सद्‌वृत्ताचे म्हणजे वागणुकीचे नियम दिले आहेत. सर्वांत मार्मिक आहे ते सातव्या अध्यायातील वेगांचे प्रकरण. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू इ. तेरा वेग अडवू नयेत, असे तेथे सांगितले आहे आणि पुढे लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जता, ईर्ष्या, अत्यासक्ती व परद्रव्याची अभिलाषा हे मनाचे वेग मात्र आवरावेत, असे म्हटले आहे. शोक आवरावयाचा, पण अश्रू रोखावयाचे नाहीत, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तथापि अश्रू हा देहाचा धर्म असून तो दाबल्याने रोग उत्पन्न होतो, तर शोकात मन गुंतवीत राहणे ही एक प्रकारची कृती असून तिच्यावर ताबा मिळविता येतो, असा भेद त्यातून निघतो. कठोर बोलणे, चहाडी, असत्य आणि अवेळी बोलणे हे वाणीचे वेगही याच ठिकाणी येत असल्याने मनाच्या स्वास्थ्याचा हा विचार एकट्या व्यक्तीपुरता राहत नाही. अकराव्या अध्यायात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले असून अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करण्याच्या उपायाला ‘सत्त्वावजय’ अशी संज्ञा दिली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येला स्वतंत्र अध्याय दिला. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, हे त्यातील पथ्य आजच्या अतिउत्साही मंडळींनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. [⟶ आयुर्वेद].

या विचाराच्या मुळाशी प्रज्ञापराधाची कल्पना आहे. बुद्धी, धैर्य व स्मृती यांचा भ्रंश झाल्यामुळे मनुष्याच्या हातून जे अनुचित कर्म घडते, तो प्रज्ञापराध होय. उन्मादाची चर्चा करताना चरकसंहितेने देव, गंधर्व, पिशाच इत्यादींना दूषण न देता आपल्या कर्मातच कारण शोधावे, असे सांगितले. भूतबाधेच्या भयातून रुग्णाला सोडविणारी ही भूमिका त्या काळाच्या मानाने धीट म्हटली पाहिजे. मात्र तीच भूमिका दुखण्याचा भार रुग्णाच्या शिरावर ठेवते, हेही नाकारता येत नाही. समर्थ रामदासांच्या (१६०८–८१) दासबोधात प्रापंचिकासाठी पहाटेपासूनचा दिनक्रम आखून दिला आहे. आळस आणि करंटेपणा यांवर तेथे जो कोरडा ओढला आहे, त्यातही आधार व दोषारोप एकत्रच नांदतात.

ग्रीक वैद्य गेलेन (दुसरे शतक) याच्या परंपरेत हवा, अन्नपाणी, हालचाल व विश्रांती, निद्रा व जागरण, संचय व उत्सर्जन आणि मनोविकार या सहा बाबींच्या समतोलावर आरोग्य अवलंबून मानले जाई. मनोविकार म्हणजे येथे क्रोध, भय, दुःख यांसारख्या भावना. अरबी वैद्यकाने ही मांडणी पुढे नेली. बल्ख प्रांतातील अबू झैद अल्-बल्खी (सु. ८५०–९३४) याने शरीर व आत्मा यांच्या हितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा उत्तरार्ध सर्वस्वी मनाच्या आरोग्याला वाहिलेला आहे. क्रोध, भय, दुःख आणि मनात पुनःपुन्हा येणारे त्रासदायक विचार यांची त्याने वेगवेगळी चर्चा केली. शहाणा मनुष्य अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी घरात औषधे ठेवतो, त्याप्रमाणे मन शांत असतानाच काही हितकर विचार साठवून ठेवावेत व क्षोभाच्या वेळी ते उपयोगात आणावेत, अशी त्याची सूचना आहे. यूरोपात रॉबर्ट बर्टन (१५७७–१६४०) या इंग्रज धर्मोपदेशकाने १६२१ मध्ये विषण्णतेवर प्रचंड ग्रंथ लिहून एकांत व रिकामपण यांना त्या व्याधीचे मोठे पोषक ठरविले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दिनक्रम हा संस्थात्मक उपचाराचा भाग झाला. यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली क्वेकर पंथातील एका स्त्रीचा मृत्यू झाला व तेथील वागणुकीविषयी संशय निर्माण झाला. त्यामुळे त्याच पंथातील चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) यांनी पुढाकार घेऊन १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे निवासस्थान उघडले. साखळदंड आणि रक्तस्राव यांच्याऐवजी येथे बागकाम, शिवणकाम, पाळीव प्राणी, फिरणे व चहापानाच्या बैठका यांवर भर होता. त्यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी १८१३ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतामुळे ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेत पसरली. मीशेल फूको या फ्रेंच विचारवंताने १९६१ मध्ये या प्रयोगावर कडक टीका केली : येथे लोखंडी साखळी गेली, पण सदैव कोणीतरी आपल्याला पारखीत आहे ही भावना रुग्णाच्या मनात रुजविली गेली, असा तिचा आशय. टीका एकांगी असली, तरी तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मात्र ज्यांनी पूर्वी साखळ्या वागविल्या होत्या, त्यांना हा फरक क्षुल्लक वाटला असण्याचा संभव कमी.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विल्यम स्वीट्‌सर (१८४३) आणि आयझॅक रे (१८६३) या डॉक्टरांनी मानसिक आरोग्यरक्षण या नावाचेच ग्रंथ लिहिले. स्वच्छतेने जसे पटकीला रोखता येते, तसे नियमित जीवनाने वेडाला रोखता येईल, अशी त्या काळची आशा होती. तिचे विपरीत रूप सायलस वीअर मिचेल (१८२९–१९१४) यांच्या ‘विश्रांति-उपचारा’त दिसले. थकलेल्या व विषण्ण स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवावयाचे, भरपूर खाऊ घालावयाचे, मालिश करावयाचे आणि वाचन-लेखन व भेटीगाठी बंद करावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८८७ मध्ये हा उपचार घेतला. घरकामात राहावे आणि लेखणीला हात लावू नये, असा सल्ला घेऊन ती परतली व तिची प्रकृती अधिकच ढासळली. १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा या अनुभवातून निर्माण झाली. त्याच डॉक्टरांनी थकलेल्या पुरुषांना मात्र पश्चिमेकडील मोकळ्या मुलुखात घोडेस्वारी व शिकार करावयास पाठविले, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

रुग्णाचा स्वतःचा आवाज या इतिहासात ठळकपणे उमटला तो क्लिफर्ड बीअर्स (१८७६–१९४३) यांच्यामुळे. येल विद्यापीठाचे हे पदवीधर मनोरुग्णालयांत राहून आले होते. तेथील मारहाण व कोंडवाडा यांचे वर्णन करणारे त्यांचे आत्मकथन १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यात आणि १९०९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्यरक्षणासाठी संस्था स्थापन झाल्या. या कार्याला मानसिक आरोग्यरक्षण हे नाव सुचविले ते मनोविकारतज्ञ ॲडॉल्फ मायर (१८६६–१९५०) यांनी. काम, खेळ, विश्रांती आणि निद्रा यांची लय सांभाळता येणे हा स्वास्थ्याचा पाया होय, असे त्यांनी व्यवसायोपचारावरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात मांडले. बॉस्टन येथे १९२१ पासून लहान मुलांसाठी ‘सवय-चिकित्सालये’ निघाली. परंतु रुग्णालये सुधारावीत ही बीअर्स यांची मूळ मागणी मागे पडत गेली आणि चळवळीचा रोख लोकांना वळण लावण्याकडे झुकला. तिच्यातील काही मंडळी सुप्रजननवादाच्या व सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या बाजूने उभी राहिली, हा या चळवळीवरील कायमचा डाग आहे. १९४८ मध्ये लंडन येथील परिषदेत मानसिक आरोग्याचा जागतिक संघ स्थापन झाला व त्यानंतर आरोग्यरक्षण हा जुना शब्द वापरातून जवळजवळ गेला.

जपानमध्ये मोरिता शोमा (१८७४–१९३८) यांनी १९१९ च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. चिंता नाहीशी होण्याची वाट न पाहता ती असतानाच हातातील काम करावे, असे ते शिकवीत. आरंभी संपूर्ण विश्रांती, मग हलकी व नंतर जड कामे आणि रोज दैनंदिनी लिहिणे, असा त्यांचा क्रम असे.

महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा येथील मनोरुग्णालयांची परंपरा ब्रिटिश अमदानीतील आहे. तेथे रुग्ण कोंडून ठेवणे हाच बराच काळ मुख्य हेतू होता. निरोगी माणसाच्या नित्य आचरणाकडे लक्ष वळले ते अन्य मार्गाने. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापून आसने व प्राणायाम यांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. रुग्णाला दैनंदिन जीवनापासून तोडू नये, या दृष्टीने अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात केलेला प्रयोग महत्त्वाचा आहे : रुग्णांचे नातेवाईक आवारात तंबूंत राहत आणि शुश्रूषेत भाग घेत. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगानंतर १९९६ पासून जिल्हा पातळीवरील योजना आली. मानसिक आरोग्य-सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने उपचार मिळणे हा व्यक्तीचा हक्क मानला.

सवयींविषयीच्या जुन्या समजुतीला प्रयोगाची कसोटी लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पीटर लुइन्सन आदी मानसशास्त्रज्ञांनी १९७० नंतर असे मांडले, की विषण्ण मनुष्य ज्या गोष्टींतून समाधान मिळते त्या सोडतो आणि त्या सुटल्याने अधिक विषण्ण होतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडावयाचे : उत्साह येईपर्यंत न थांबता लहानशी कृती ठरवून करावयाची. १९९६ मध्ये नील जेकबसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा एकच घटक विचारांवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला.

गोव्यातील ‘संगात’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या तत्त्वावर बेतलेला उपचार दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अजमावला. २०१३ ते २०१५ या काळात बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र विषण्णता असलेल्या ४९५ रुग्णांची त्यात नोंद झाली. समुपदेशक हे मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेले, परंतु या कामाचे प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णाबरोबर बसून त्याला झेपेल अशी कृती ठरवीत. कोणाकडे जावयाचे, कोणते अडलेले काम हाती घ्यावयाचे, हे त्यात येई व पुढील बैठकीत त्याचा आढावा घेतला जाई. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. डॉक्टरांच्या सुधारित नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. बारा महिन्यांनंतरही हा लाभ टिकून असल्याचे आढळले. उपदेश म्हणून दिलेल्या सवयींना असे यश मिळाल्याचे यातून सिद्ध होत नाही. या रुग्णांजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन बसत होते आणि न जमलेल्या गोष्टीचे कारण विचारीत होते. तीव्र मनोविकारांत मात्र नुसती दिनचर्या पुरेशी नसते आणि औषधोपचारास तिने विलंब लागू नये, यावर तज्ञांत एकमत आहे. [⟶ मनोविकारविज्ञान].