तार एकाची, वीज दुसऱ्याची

माहीमला राहणारे एखादे कुटुंब खाडी ओलांडून वांद्र्याला राहायला गेले, असे समजू. अंतर फार तर दोन-तीन किलोमीटरांचे. पंखे तेच, फ्रिज तोच, इस्त्री तीच. नव्या घरात बटण दाबले की दिवा पूर्वीसारखाच लागतो. पण महिनाअखेर विजेचे बिल येते आणि त्यावरचे नाव वेगळे असते. माहीमपर्यंत बेस्टची हद्द, खाडीपलीकडे ती नाही. शेजारी चौकशी केली तर आणखी एक नवल कळते. एकाच इमारतीत, एकाच केबलमधून वीज घेणाऱ्या दोन बिऱ्हाडांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांची बिले येऊ शकतात.

हे सांगितल्यावर वर्गातला चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "मग या कंपनीची वीज या घरात आणि त्या कंपनीची त्या घरात, हे तारेला कसे कळते?" प्रश्न भाबडा वाटला तरी तो टाळू नये, कारण त्याच्या उत्तरात मुंबईच्या विजेचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

आधी थोडे विज्ञान पाहू. आपल्या घरात येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. तारेतले इलेक्ट्रॉन वीजकेंद्रातून निघून आपल्या दिव्यापर्यंत प्रवास करीत नाहीत. ते जागच्या जागी, मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके, सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतात. पुढे जाते ती ऊर्जा. तेव्हा "टाटांचे इलेक्ट्रॉन" किंवा "बेस्टचे इलेक्ट्रॉन" अशी काही चीजच नाही. गावातल्या दूध संकलन केंद्राची उपमा येथे बरी पडते. दहा गवळ्यांचे दूध एकाच टाकीत जाते. कोणी किती लिटर घातले आणि कोणी किती नेले याची वहीत नोंद होते. आपल्याच म्हशीचे दूध आपल्याला परत मिळाले पाहिजे, असा हट्ट कोणी धरीत नाही. उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. दूध टाकीत तासभर थांबते, वीज थांबत नाही. जेवढी खर्च होते तेवढी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते, नाहीतर सगळ्या जाळ्याची वारंवारता 50 हर्ट्‌झपासून ढळू लागते. म्हणून हा ताळमेळ राज्य भार प्रेषण केंद्रासारख्या त्रयस्थ यंत्रणेला अखंड पाहावा लागतो.

थोडक्यात, पुरवठादार बदलणे ही वहीतली घटना आहे, तारेतली नव्हे. ही वही मुंबईत तयार कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे.

बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी 1905 मध्ये स्थापन झाली व त्याच वर्षी तिने वाडीबंदरला वीजकेंद्र सुरू केले. 7 मे 1907 रोजी शहरात विजेची ट्राम धावली. पुढे 7 ऑगस्ट 1947 रोजी ही कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली; तीच आजची बेस्ट. इकडे टाटांनी सह्याद्रीच्या पावसाकडे लक्ष वळविले होते. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पाणी घाटाखाली सोडायचे आणि त्यावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर भिवपुरी व भिरा येथील केंद्रे उभी राहिली. बेस्टने स्वतःची निर्मिती थांबवून टाटांची वीज घेण्यास सुरुवात केली. उपनगरांसाठी 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही आणखी एक कंपनी निघाली. बीएसईएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. तीही टाटांकडूनच घाऊक वीज घेऊन घरोघरी विकू लागली. मुलुंड-भांडुपचा भाग मात्र राज्य वीज मंडळाकडे गेला आणि 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर महावितरणकडे.

म्हणजे 1995 मध्ये बीएसईएसचे स्वतःचे डहाणू केंद्र सुरू होईपर्यंत अंधेरीच्या घरात बिल बीएसईएसचे असले तरी वीज प्रामुख्याने टाटांचीच होती. निर्माता एक, विक्रेता दुसरा, ही विभागणी मुंबईकर नकळत कित्येक दशके अनुभवत होते. फक्त विक्रेता निवडण्याची मुभा त्यांना नव्हती. ज्या हद्दीत घर, त्या हद्दीचा पुरवठादार. घर बदलले तरच तो बदलायचा.

ही मुभा द्यावी, ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती ब्रिटनमध्ये, आणि तेथील घरबदलाची कथाही मनोरंजक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडन परिसरात सुमारे 70 वीजपुरवठादार होते आणि त्यांच्यात 10 प्रकारच्या वारंवारता व 24 प्रकारचे दाब प्रचलित होते. तेथे बिऱ्हाड हलविणाऱ्याला नव्या घरी जुना दिवा चालेल की उडेल, हेही पाहावे लागे. 1926 च्या कायद्याने राष्ट्रीय जाळे उभारण्याचे ठरले, 50 हर्ट्‌झ हे प्रमाण झाले आणि 1948 मध्ये सारा उद्योग सरकारी झाला. 1989 च्या कायद्याने तो पुन्हा खाजगी हातांत देताना तार सांभाळणारा आणि वीज विकणारा यांचे हिशेब वेगळे करण्यात आले. 1990 मध्ये एक मेगावॉटहून अधिक मागणी असलेल्या बड्या ग्राहकांना पुरवठादार निवडता येऊ लागला, 1994 मध्ये 100 किलोवॉटच्या वरच्यांना, आणि सप्टेंबर 1998 ते मे 1999 या काळात टप्प्याटप्प्याने घरगुती ग्राहकांना.

घरगुती मीटरची तेथे एक अडचण होती. विजेचा घाऊक भाव दर अर्ध्या तासाला बदले, पण घरचा मीटर फक्त एकूण युनिट सांगे. ती पहाटे जळली की संध्याकाळी, हे त्याला ठाऊक नसे. लाखो मीटर बदलण्याऐवजी ग्राहकांचे आठ वर्ग पाडले गेले, प्रत्येक वर्गातल्या नमुना ग्राहकांच्या वापराचा दिवसभराचा आलेख काढला गेला आणि एकूण युनिटे त्या आलेखाच्या प्रमाणात 48 अर्ध्या तासांत वाटली गेली. संख्याशास्त्राचा इतका घरगुती उपयोग क्वचितच सापडेल! घर बदलणाऱ्यासाठीही तेथे एक सोय आहे. नव्या घरात पाऊल टाकताच तेथे आधीपासून असलेल्या पुरवठादाराशी आपला करार झाल्याचे गृहीत धरले जाते. वीज बंद पडत नाही, आणि दुसरा निवडेपर्यंत हाच पुरवठादार चालू राहतो.

आपल्याकडे हीच विचारसरणी वीज कायदा 2003 मध्ये उतरली. एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवाने आणि दुसऱ्याच्या तारेतून वीज नेण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. मुंबईत ठिणगी पडायला वेळ लागला नाही. इतकी वर्षे घाऊक वीज देणाऱ्या टाटांना किरकोळ ग्राहकही हवे होते. उपनगरांतील कंपनीचे, म्हणजे बीएसईएसच्या जागी आलेल्या रिलायन्सचे, म्हणणे असे की टाटांना तसा परवानाच नाही. राज्य वीज नियामक आयोगाने 2003 मध्ये व अपील न्यायाधिकरणाने 2006 मध्ये टाटांविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयात तपासले गेले ते चक्क 1907, 1919, 1921 आणि 1953 सालचे परवाने. विजेची ट्राम नुकतीच धावू लागली होती त्या काळातल्या कागदावरील कलमांचा अर्थ लावून न्यायालयाने 8 जुलै 2008 रोजी ठरविले, की आपल्या क्षेत्रात टाटा लहान ग्राहकांनाही थेट वीज देऊ शकतात.

पण घरापर्यंतची तार तर रिलायन्सची होती. 15 ऑक्टोबर 2009 च्या आदेशाने आयोगाने मार्ग काढला. ग्राहकाने टाटांकडे अर्ज करावा, वीज रिलायन्सच्याच तारेतून यावी आणि तार वापरल्याबद्दल 'वहन आकार' तारेच्या मालकाला मिळावा. वाटेतल्या गळतीचाही हिशेब आला. समजा तारेत 10 टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तर घरी 90 युनिट पोचविण्यासाठी पुरवठादाराने जाळ्यात 100 युनिट घातली पाहिजेत.

येथवर सारे तर्कशुद्ध होते. पेच पुढे पडला. टाटांचा दर तेव्हा कमी असल्याने, ज्यांचे बिल मोठे त्यांनी आधी पुरवठादार बदलला. आपल्याकडे वीजदराची रचना अशी, की जास्त वापरणारा थोडे अधिक मोजतो आणि त्यातून एका दिव्याच्या झोपडीचा दर खाली राहतो. मोठे ग्राहक निघून गेले की मागे राहिलेल्यांचा भार कोणी उचलायचा? म्हणून 2011 मध्ये आयोगाने पुरवठादार बदललेल्या ग्राहकांवर अधिभार बसविला. 2012 मध्ये तर रिलायन्सच्या तारेवरून नव्याने बदलण्याची सोय महिना 300 युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती ठेवून, टाटांनी ठरावीक भागांत स्वतःचे जाळे टाकावे, असा आदेश झाला. तोही अपिलात गेला. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला हाच खरा धडा घेण्याजोगा भाग आहे. इलेक्ट्रॉनांना मालक नसतो, हे शिकविणे सोपे; तारेचा आणि गरीब ग्राहकाच्या सवलतीचा खर्च मात्र कोणाच्या तरी बिलात लिहावाच लागतो. 2018 मध्ये रिलायन्सचा हा व्यवसाय अदानींकडे गेला तेव्हा तारेबरोबर हा हिशेबही गेला.

आता पुन्हा माहीमकडे वळू. बेस्टच्या हद्दीतल्या ग्राहकालाही हीच मुभा का नाही? कारण 2003 च्या कायद्यानेच आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थांना आपली तार दुसऱ्यासाठी खुली करण्याच्या बंधनातून वगळले होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. दादरच्या ग्राहकाला टाटा वीज देऊ शकतात, पण त्यासाठी केबलही त्यांनीच टाकायची. खाडी ओलांडली की कायद्याचे कलम बदलते, ते असे.

घर बदलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिने अनेकांना मनस्ताप दिला आहे. जुन्या मालकाची थकबाकी माणसाची की वास्तूची? महाराष्ट्राच्या 2005 च्या पुरवठा नियमांनी ती वास्तूबरोबर नव्या मालकाकडे येते असे धरले, पण वारस सोडून इतरांसाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरतीच. केरळच्या एका प्रकरणातून आलेल्या दाव्यांवर मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, नियमांत तरतूद असेल तर अशी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा निर्णय दिला. तेव्हा किल्ली घेण्यापूर्वी शेवटचे भरलेले बिल मागून घ्यावे आणि ताबा घेण्याच्या दिवशी मीटरवरचा आकडा दोघांच्या सह्यांनिशी टिपून ठेवावा.

वर्गात हा विषय घ्यायचा तर विद्यार्थ्यांना घरची बिले आणायला सांगावे. महावितरणच्या बिलावर 'वीज आकार' आणि 'वहन आकार' अशा दोन वेगळ्या ओळी सापडतील. गावात पुरवठादार एकच, तार आणि वीज दोन्ही त्याचीच, तरी ओळी दोन का, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.