मूत्रपिंडाचे पाणी कुठे अडले?

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो. शहरालगतच्या कुंभारीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, विडी कामगारांची मोठी वसाहतही आहे. उन्हात राबून किंवा जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या माणसाची लघवी कमी झाली, तर बिघाड मूत्रपिंडात असतो, की तिथवर पोचणाऱ्या रक्तात?

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, रक्तदाब वाढला. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळली. रक्तदाब चढला, आणि चढलेलाच राहिला. रक्त कमी पडले की मूत्रपिंड रेनिन सोडते आणि साऱ्या शरीराचा दाब वाढवून आपला वाटा मिळवू पाहते.

या वागण्यातच निदानाची खूण आहे. फक्त रक्त कमी पडले असेल, तर निरोगी नलिका पाणी आणि सोडियम धरून ठेवतात. लघवी थोडी, दाट आणि कमी सोडियमची होते. वेळेवर सलाईन मिळाले तर मूत्रपिंड सावरते. उशीर झाला तर नलिकांच्या पेशी मरतात आणि सोडियम निसटू लागते.

आता नोंदीचा प्रश्न. १८९३ मध्ये पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांनी मांडलेली यादी मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत आजारही आले. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत एकाच कारणाची फळे वेगवेगळ्या खणांत पडतात: अरुंद रोहिणीमुळे वाढलेला रक्तदाब आय १५.०, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटणे एन २८.०, नलिका मरून आलेली निकामी अवस्था एन १७.०. शरीरातले पाणी घटणे ई ८६ मध्ये, तर उन्हाचा तडाखा टी ६७ मध्ये.

म्हणून कागदावर नुसते ‘मूत्रपिंड निकामी’ लिहिले, तर ऊन आणि तहान नोंदीतून गळतात. मग आकडेवारी पाहणाऱ्याला डायलिसिसची यंत्रे कमी दिसतील. शेतावरची सावली आणि पाण्याची घागर कमी होती, हे दिसणार नाही. निदान रोग्याला वाचवते. नीट केलेली नोंद पुढच्या माणसाला तिथवर येऊच देत नाही.