दिनविशेष, २१ मार्च : वारसासाठी तीन राण्या
११५२ : फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि अ‍ॅक्विटेनची एलिनोर यांचा विवाह बोजॉन्सीच्या धर्मपरिषदेने रद्द ठरवला. कारण दिले जवळच्या नात्याचे. सल होता पंधरा वर्षांत दोन मुलीच झाल्याचा. अ‍ॅक्विटेनचा विशाल प्रांत एलिनोरकडे राहिला, मुली मात्र बापाकडे. आठच आठवड्यांत तिने हेन्रीशी लग्न केले; ११५४ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला. लुईची दुसरी राणी, कास्तीलची कॉन्स्टन्स, ११६० मध्ये बाळंतपणात गेली. तिला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच लुईने शॅम्पेनच्या अदेलाशी लग्न उरकले. अदेलाच्या पोटी ११६५ मध्ये फिलिप जन्मला. त्यानेच १२०४ मध्ये एलिनोरचा मुलगा जॉन याच्याकडून नॉर्मंडी जिंकून घेतली.