घर घेताना वस्तीचं नाव ऐका

हैदराबादेत फ्लॅट बघणारी आपली पोरं मेट्रो, शाळा, पार्किंग सगळं विचारतात. पावसाचं पाणी जातं कुठं, हे कुणी विचारत नाही.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. सुमारे १५,००० माणसं गेली असं सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेवर चढून दीडशेएक जण वाचले. ते झाड अजून उभं आहे. पुढं निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. उस्मानसागर १९२० साली झाला, हिमायतसागर १९२७ ला. नदीला आवर बसला, पण शहरातली तळी आपण बुजवत गेलो. ऑक्टोबर २०२० च्या पावसात कितीतरी सखल वस्त्यांत पाणी घरात शिरलं.

म्हणून घर शोधणाऱ्या भाच्याला मी सांगितलं, आधी वस्तीचं नाव ऐक. तेलुगूत चेरुवु म्हणजे तलाव, कुंटा म्हणजे लहान तळं. मासाब टँक हा मूळचा माँसाहेबांचा तालाब. आज तिथं पाणी नाही, नाव तेवढं राहिलंय. मग जुन्या शेजाऱ्यांना विचार, २०२० ला पाणी कुठवर चढलं होतं. नव्या रंगाखाली ओल दिसत नाही, तेव्हा एक चक्कर भर पावसात मार.

कागदपत्रं वकील तपासेल. तळं कुठं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक असतं. ते आहेत तोवर विचारून घ्या.